दादाची जागा

चिंचेच्या बुंध्याशी मुंगळ्यांचं राज्य होतं, त्या काळची ही गोष्ट. लाल मुंग्यांना पळवून लावून मुंगळे नाचत परतले. काय तो जल्लोष! राणीनं चकचकीत अभ्रकाचं पदक छोट्या टिल्लूच्या गळ्यात घातलं. "तुझ्या दादानं जीव दिला, पण दार सोडलं नाही रे!"

पदकाच्या आनंदात टिल्लू उड्या मारतच गुळाकडे निघालेल्या रांगेत शिरला. त्याच्या पुढे, दादाच्या जागी सेनापती दुसऱ्याच मुंगळ्याला उभं करत त्याला म्हणाला, "सरक पुढे! रांगेत फट चालत नाही!"

टिल्लूनं पदक आपटलं. "हे घ्या परत! दादाची जागा द्या!"

राणीनं पदक उचलून पुन्हा त्याच्या गळ्यात घातलं आणि ती म्हणाली, "सेनापती, फट राहू द्या."

अजूनही ती रांग गुळाकडे सुसाट धावते, पण टिल्लूच्या पुढच्या त्या फटीत कुणी घुसत नाही.