केवड्याचा फाया

"पण मास्तर, एक फाया हुंगवला आणि राजानं सोन्यासारखी राणी मारली? हे कुणाला पटायचं?"

भार्गव हे तिसऱ्यांदा विचारत होता. दाजी मास्तर सुपारी कातरत होते.

नाटक मंडळींचा मुक्काम मिरजेत होता आणि भार्गव मंडळींचा राजा होता. नाटकातलाच, पण स्वारी बिऱ्हाडातसुद्धा तशीच चालायची. नाटक मास्तरांचंच, जुनं. त्यात कपटी प्रधान जवळ येतो, 'बोलू नये महाराज, पण...' अशी सुरुवात करतो आणि राजाच्या हातात अत्तराचा फाया ठेवतो. सेनापतीच्या कानातून पडला म्हणतो. वास मात्र राणीच्या केवड्याचा! राजा हुंगतो, आणि पुढच्या अंकात राणीचा गळा दाबतो.

काल नेमकं तिथंच पिटातून कुणीतरी खुदकन हसलं होतं. तेव्हापासून भार्गवचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"प्रधानाला दोन भाषणं वाढवून द्या," तो म्हणाला. "राजाला जरा पटवू दे की! आणि फाया चांगला भिजवून द्यायला सांगा. पहिल्या रांगेपर्यंत घमघमाट सुटला पाहिजे. नाहीतर राजा निव्वळ मूर्ख ठरतो."

"ठरतो का?"

"ठरतोच! मी असतो तर आधी शंभर प्रश्न विचारले असते."

"अस्सं..."

आता खरं सांगायचं, तर भार्गवचं दुखणं निराळंच होतं. दसरा आठ दिवसांवर आला होता. मास्तरांचा जरीचा मंदिल त्या दिवशी ते एकाच्या डोक्यावर चढवणार होते. ज्याच्या डोक्यावर मंदिल, राजाचं काम हयातभर त्याचं, अशी या मंडळींची रीत. ते डोकं आपलंच, असं भार्गव वर्षभर धरून चालला होता.

आणि मध्ये आला वसू.

वसू राणीचं काम करायचा. आता तिशी उलटली, आवाज भरदार झाला. लुगडं किती दिवस नेसणार? कधीतरी मिशी लावणारच. मास्तर त्याला 'वसू बाळा' म्हणत, याला नुसतं 'भार्गवा'. मास्तरांच्या हातचा पहिला विडा त्याला, दुसरा याला. एवढंही सोसलं असतं. पण राणी मेली की थिएटर टाळ्यांनी दणाणायचं. मारणारा कोण? भार्गव! घाम गाळायचा याने आणि टाळी मरणाऱ्याला. जळून खाक व्हायचा बिचारा.

"वसू आला होता सकाळी," मास्तर सुपारी तोंडात टाकत म्हणाले.

"का?"

"आला होता..."

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले.

भार्गवची नजर कोनाड्याकडे गेली. मंदिलाची पेटी उघडी होती. आत काही नव्हतं.



मास्तर परत आले. त्यांच्या दोन बोटांत कापसाचा फाया होता. तो त्यांनी भार्गवच्या नाकापुढे धरला.

"हुंग बघू."

"केवडा," भार्गव लगेच म्हणाला.

"नीट हुंग."

"केवडाच आहे, मास्तर! झोपेतसुद्धा ओळखेन मी. वसूचाच. इथं बसला होता ना तो? या गादीलाही येतोय."

मास्तर फाया बोटांत फिरवत राहिले...

भार्गवला राहवेना. तो पुढे सरकला. आवाज खाली आणला.

"बोलू नये मास्तर, पण तुम्ही फार भोळे आहात. तुमच्या खोकल्याची नक्कल करतो तो. सगळे पोट धरून हसतात. आणि दुसऱ्या मंडळींचं बोलावणं आलंय त्याला. मंदिल डोक्यावर चढला, की दुसऱ्या दिवशी पसार होतो की नाही बघा."

नक्कल वसूनं एकदाच केली होती, ती भार्गवनंच आग्रह करून करायला लावलेली. सगळ्यांत जास्त हसला होता तोही हाच. बोलावण्याचं तर नावसुद्धा कुठं निघालं नव्हतं. तोंडातून निघेपर्यंत त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"तू ऐकलंस?"

"या कानांनी."

"मग काढून टाकू त्याला? आजच?"

वसू बारा वर्षांचा असताना मंडळींत आला होता. बाहेर त्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं. हे भार्गवला पक्कं माहीत होतं.

"तुमची मर्जी, मास्तर," तो म्हणाला.

दारात पावलं वाजली. वसूच होता. दोन्ही हातांवर मंदिल, सदऱ्याच्या गळ्याला सुई खोचलेली.

"मास्तर, उसवलेली जर शिवून झाली बघा. दादा, बरा सापडलास! डोकं पुढं कर. तुझं डोकं मोठं, मास्तरांच्या मापाचा बसायचा नाही, म्हणून मागून जरा सैल केलाय. ऐन प्रयोगात सुटला तर पडेल माझ्याच अंगावर. आणि मेलेल्या राणीला हलता येतं होय?"

भार्गव जागचा हलला नाही. वसूनंच मंदिल त्याच्या डोक्यावर ठेवला.

"वसू बाळा," मास्तर म्हणाले, "केवडा आहे का रे तुझ्याकडे?"

"कुठला, मास्तर? कुपी गणपतीतच संपली. हवाय का? बाजारातून आणतो."

"नको."

मास्तरांनी भार्गवचा हात ओढून घेतला आणि त्याच्या तळव्यावर फाया पिळला. दोन थेंब पडले. भार्गवनं हात नाकाशी नेला... पुन्हा नेला.

पाणी होतं. आतल्या रांजणातलं, साधं पाणी.

वसू मंदिलाच्या कडेनं बोटं फिरवून माप बघत होता.

"दादा, कपाळ केवढं तापलंय रे तुझं! ताप आहे का? आज मला मारताना बेतानंच मार बाबा, उगाच दम लागायचा तुला."

भार्गवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मंदिल काढला आणि मास्तरांच्या पायाशी ठेवला. डोळ्यांतलं पाणी त्याला आवरेना.

"ते बोलावणं खोटं होतं, मास्तर. मी रचलं. मला राजा नको. प्रधानाचं काम द्या. ते न शिकवताच येतं मला."

"कसलं बोलावणं?" वसूनं विचारलं.

मास्तरांनी मंदिल उचलला. फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि आपल्या हातानं भार्गवच्या डोक्यावर नीट बसवला.

बराच वेळ ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले...

मग वसूकडे वळून म्हणाले,

"आजपासून फाया कोरडाच ठेवा रे."