मारेताची चादर

एकदा काय झालं, आपल्या समुद्राच्याही पल्याड, मोठ्ठ्या महासागरात एक इवलंसं बेट होतं. तिथं मारेता नावाची बाई राहायची. तिला एकुलती एक लेक, तेपाएरू. तिचं लग्न ठरलं होतं दूरच्या बेटावर. तिकडे रीतच आहे, बरं का, आईनं आपल्या हातानं भरलेली चादर लेकीबरोबर पाठवायची. मारेतानं वर्षभर खपून तीन झाडं भरली. एक नारळ, एक केळ, एक नीरफणस. टाके असे जिवंत, की पाखरं येऊन चोच मारायची!

मग आलं वादळ. खारं पाणी बेटभर फिरलं. एक झाड उरलं नाही. पोरं भुकेनं रडायला लागली.

मारेतानं भिजलेली चादर वाळत घातली. नारळाचा एक दोरा सुटून मातीला टेकला, आणि काय नवल! तिथं कोंब फुटला. मग तिनं सगळा नारळ उसवला, दोरा मातीत पुरला. झाड उभं राहिलं, नारळांनी लगडलेलं! मग केळ उसवली. केळी आली. पण बेटावर माणसं किती! पुरणार कसं?

राहिला नीरफणस. मारेतानं चादर छातीशी धरली. "एवढं तरी राहू दे गं," ती म्हणाली, "रिकामी चादर कशी देऊ तुला?"

तेपाएरूनंच कात्री घेतली. "आई, कोऱ्या चादरीवर मला झोप येईल. पोरं रडत असताना नाही येणार."

मग काय, तोही दोरा पुरला, झाड आलं, नीरफणस भाजले, सगळे पोटभर जेवले.

तेवढ्यात नवरा मुलगा होडी घेऊन आला. मारेतानं लाजून चादर पाठीमागे लपवली. पण बेटावरच्या बायका सुया घेऊन अंगणात येऊन बसल्या. एकीनं फूल भरलं, एकीनं पान. नवरा मुलगा म्हणाला, "मी थांबतो. मला घाई नाही." आणि सगळ्यांच्या सुयांत दोरे ओवत बसला, बरं का!

एका चिमुरडीनंही हट्टानं मासा भरला. दिसत होता थेट बटाट्यासारखा! सगळ्या हसल्या. तेपाएरूनं मात्र त्या माशाचा पापा घेतला. "ही बाजू माझ्या उशाशी," ती म्हणाली.

मग होडी निघाली. लेक तिकडे सुखात, आई इकडे सुखात. आणि तुम्ही रे? पांघरूण घ्या बघू, मिटा डोळे.