एकट्याने विणलेला गोफ

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नका, ज्याने मला सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या एका देशात लोक किमोनो नेसत, आणि तिथल्या एका खेड्यात गोफ विणणारं एक घर होतं.

किमोनोला गुंडी नाही की काज नाही. कमरेला रुंद पट्टा गुंडाळायचा आणि तो सुटू नये म्हणून त्यावरून रेशमी गोफ आवळून बांधायचा. गोफ सैल तर सगळा थाट सैल. त्यामुळे गोफ विणणाऱ्याला त्या देशात मोठा मान होता.

या घराची एक रीत होती. मध्ये गोल घडवंची, तिच्या कडेने रेशमाची लाकडी रिळं लोंबकळत असायची, आणि समोरासमोर दोन माणसं बसायची. एकाने आपल्या बाजूची रिळं पलीकडे टाकायची, दुसऱ्याने आपली अलीकडे. दोघांच्या ओढीचा ताण सारखा झाला की गोफ सरळ उतरायचा. आधी तिथे घरचा म्हातारा आणि त्याची बायको बसत. बायको वारल्यावर समोर मुलगी बसू लागली. विणून झालेला गोफ ती आपल्याच कमरेला बांधून बघायची आणि मगच गिऱ्हाइकाकडे जाऊ द्यायची.

पुढे दिवस पालटले. लोक सुटसुटीत अंगरखे घालू लागले, किमोनो पेट्यांत गेले. महिनोन् महिने घरी कोणी फिरकेना. मुलगी हुशार होती. तिने उरल्यासुरल्या रेशमाचे पिशव्यांचे बंद विणले, छत्रीला अडकवायचे फास विणले, चष्म्याची दोरी विणली. खाडीपलीकडच्या बंदरात लोकांनी ते हातोहात नेले.

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ज्या गोफाने राण्यांच्या कमरा बांधल्या, तो आता कांदे-मुळ्यांच्या पिशवीला?"

"बाबा, पेटीत पडून कसर लागण्यापेक्षा पिशवीला बरा. गोफ तोच आहे, वीण तीच आहे."

"मग तुझी पिशवी घेऊन तू बंदरात जा. माझ्यासमोर बसू नकोस."

रागाच्या भरात माणूस जे बोलतो ते बरेचदा त्याला हवं नसतं. पण हा म्हातारा बोलला ते मागे घेणाऱ्यांतला नव्हता. मुलगी दोन दिवस वाट बघत थांबली, तिसऱ्या दिवशी नावेत बसून गेली.

म्हातारा एकटाच विणू लागला. या बाजूची रिळं टाकायची, उठायचं, वळसा घालून त्या बाजूला बसायचं, तिकडची टाकायची, पुन्हा उठायचं. गुडघे कुरकुरायचे. घरात दुसरा आवाज नव्हता. जेवताना तो भाताचा वाडगा दाराशी घेऊन बसे, निदान रस्त्याने जाणारं एखादं कुत्रं तरी दिसावं म्हणून. त्याला फार एकटं वाटे, पण तो स्वतःला सांगे की मी परंपरा राखतोय, राखणदार एकटाच असतो.

तीन वर्षांनी एक म्हातारी बाई आली. त्या पंचक्रोशीत किमोनो नेसणारी ती शेवटचीच. नवऱ्याच्या श्राद्धाला ती वर्षातून एकदा नेसायची, आणि महिन्यापूर्वीच म्हाताऱ्याकडून नवा गोफ घेऊन गेली होती. तो तिने परत आणला होता.

"गोफवाले, हा कमरेवर पिळतो हो. बांधला की उलटा फिरतो, गाठ बगलेत जाते."

"असं होणार नाही. चटईवर सरळ पडतोय बघा."

"मी चटईवर नाही नेसत," बाई शांतपणे म्हणाली. "बांधून बघितलात का?"

त्याने बांधून बघितला. गोफ हळूहळू फिरला आणि गाठ बगलेत गेली. म्हातारा चपापला. एकाच माणसाने दोन्ही बाजू विणल्या की ताज्या दमाने बसलेल्या बाजूला ओढ जास्त आणि दमून बसलेल्या बाजूला कमी. तीन वर्षांतला एकेक गोफ असाच गेला होता, आणि कमरेला बांधून बघणारं घरात कोणी नव्हतं.

"आठ दिवसांवर श्राद्ध आहे," बाई म्हणाली. "जमेल का?"

तो दुसऱ्याच सकाळी खाडी ओलांडून गेला. मुलीचं दुकान सापडायला वेळ लागला नाही, अर्ध्या बंदराच्या खांद्यावर तिचे बंद होते. आत तशीच घडवंची होती. एका बाजूला मुलगी बसली होती आणि दुसऱ्या बाजूला एक कोळीण, जाळी विणून विणून हात राठ झालेली.

मुलीने उठून वाकून नमस्कार केला, चहा दिला. त्याने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मग हळूच विचारलं, "मी बसू का समोर?"

मुलीने कोळणीच्या जागेकडे बघितलं.

"बाबा, वर्षभर ती जागा मी रिकामी ठेवली होती. एकटीनं विणलं तर माझेही बंद पिळायचे. नाव आली की मी दारात येऊन बघायची. मग या मावशी आल्या. आता त्यांना उठा कसं म्हणू?"

म्हाताऱ्याला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं.

"गोफ मात्र आम्ही विणून देतो," ती म्हणाली. "तुम्ही रंग सांगा."

त्याने रंग सांगितले आणि तो भिंतीशी उभा राहून बघत राहिला. कोळणीचे हात राठ होते, पण ओढ अचूक होती. गोफ विणून झाल्यावर मुलीने तो स्वतःच्या कमरेला बांधून बघितला. जरासुद्धा फिरला नाही.

"राहा ना इथे चार दिवस," ती म्हणाली. पण श्राद्ध जवळ आलं होतं, आणि त्याला पाहुणा म्हणून राहणं जमलं नसतं.

बाईने गोफ बांधला, चार पावलं चालून बघितली आणि समाधानाने मान हलवली.

"वा. तुम्ही विणलात?"

"नाही. माझ्या मुलीने."

"मग तुमच्या घरचाच की."

म्हाताऱ्याला हो म्हणावंसं फार वाटलं.

"नाही बाई," तो म्हणाला, "तिच्या घरचा."

त्यानंतर त्याने घडवंचीवर रिळं चढवली नाहीत. कोणी गोफ मागायला आलंच, तर तो त्याला खाडीची वाट दाखवायचा.

लहानांनी हे लक्षात ठेवावं आणि मोठ्यांनी जरा जास्तच: समोरच्या माणसाला उठवून जपलेली परंपरा जपणाऱ्यालाच एकटं पाडते.