दोन्ही हात मोकळे

एकदा एका वृद्ध विणकराच्या शिष्येवर चमत्कारिक संकट ओढवले. तिचे लग्न ठरले होते. नवऱ्या मुलाबद्दल तिची काहीही तक्रार नव्हती. जीव टांगणीला लागला होता तो शालूपायी.

गोदाला कापडातले कळत नव्हते असे मुळीच नाही. सहा वर्षे ती त्या विणकराच्या, म्हणजे तात्यांच्या, मागावर बसत होती. दुसऱ्या कुणाचे लग्न असले की बायका तिला हाताला धरून दुकानात नेत, आणि उंच मुलीला कोणता काठ, सावळ्या मुलीला कोणता रंग, हे ती बघताक्षणी सांगे. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र तिची मती गुंग झाली.

व्यापाऱ्याने ओळखीखातर दोन शालू पसंतीला म्हणून घरी धाडले होते. दोन्ही नऊवारी, दोन्ही हिरवे. एकाचा काठ वीतभर रुंद आणि पदर जरीने मढवलेला. तो उचलताना मनगट भरून येई. दुसऱ्याचा काठ चार बोटांचा, अंगात मोजके बुट्टे. चार दिवसांनी सकाळी व्यापाऱ्याचा माणूस येणार होता. एक ठेवायचा, एक परत द्यायचा.

आत्याबाईंनी दुसरा शालू बोटाच्या टोकाने बाजूला सारला. "हा हळदीला ठीक आहे गं. आपल्या घराण्यात वीतभर काठाशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही. चारचौघांत माझ्या भावाचं नाक कापायचंय का?" आई गेल्यापासून गोदाला आत्याबाईंनीच वाढवले होते. त्यांचे मन मोडायचे तिच्या जिवावर येई.

वडील म्हणाले, "तुला हवा तो घे." एवढेच म्हणाले, आणि अंगणात जाऊन छपराकडे बघत उभे राहिले. पावसाळ्याआधी घरावर नवी कौले घालायची होती. रुंद काठाचा शालू घेतला तर कौले यंदाही राहणार, हे कुणी बोलले नाही. गोदाला ते न बोलताच ऐकू आले.

त्यात ती ठेंगणी आणि अंगाने भरलेली. रुंद काठ खांद्यावर टाकून आरशात पाहिले की तिला स्वतःची मानच दिसेना. दोष शालूचा नसून आपल्या शरीराचा आहे, असे वाटून तिने तीन दिवस अर्ध्या भाकरीवर काढले. त्याने अंग काही उतरले नाही, चक्कर मात्र यायला लागली. मागावर तिच्या हातून एकामागून एक धागे तुटू लागले.

"आज धागे तोडायचा नेम केलायस का?" तात्यांनी विचारले.

त्यासरशी तिला रडू फुटले. हुंदके देत तिने सगळे सांगितले. "तात्या, आता तुम्हीच सांगा. तो रुंद काठाचा तर तुमच्याच हातचा आहे. आठ महिने बसला होतात त्यावर."

"दोन्ही इथं घेऊन ये," तात्या म्हणाले. "आतल्या खोलीत आधी तो रुंद काठाचा नेस."

गोदा जीव मुठीत धरून तो नेसली. पसंतीची वस्तू, डाग पडला तर काय घ्या! ती बाहेर आली तेव्हा तात्या पाटावर बसले होते. त्यांनी शालूकडे पाहिलेसुद्धा नाही. "मी तुझा बाप आहे असं समज. पाठवणीची वेळ झालीय. नमस्कार कर."

ती बावरून वाकली. जड पदर घसरला, तो तिने डाव्या हाताने सावरला आणि उजवा हात त्यांच्या पायांना लावला.

"पुन्हा कर."

पुन्हा तसेच झाले. असे पाच वेळा. तिच्या कपाळावर घाम आला. तात्या रागावले आहेत, की म्हातारपणी त्यांना काही भ्रम झाला आहे, हे तिला कळेना.

"आता दुसरा नेस."

ती तो नेसून आली, वाकली, दोन्ही हात त्यांच्या पायांवर ठेवले.

"झालं. बस."

"तात्या, तुम्ही शालूकडे बघितलंच नाही!"

"तुझ्या हातांकडे बघत होतो," तात्या शांतपणे म्हणाले. "पोरी, तू आरशासमोर उभी राहून शालू पाहिलास. लग्नात नुसतं उभं राहायला नवरीला वेळ असतो का? बसायचं, वाकायचं, हार घालायचा, ओंजळीत लाह्या घ्यायच्या. त्या शालूत तू पाच वेळा वाकलीस आणि पाचही वेळा तुझा एक हात शालूच्या राखणीला होता. शालू वाईट नाही, मीच विणलाय. कुणी उंच, रुंद खांद्याची येईल, जिच्या घराला त्याचा भार होणार नाही, तिला तो शोभेल. तुझ्या अंगात काही खोट नाही. पण ज्या वस्त्राला आपणच सांभाळत बसायचं, ते अंगावर असूनही आपलं नसतं. आणि तुझा बाप? आशीर्वाद देताना त्याचाही एक हात छपराला टेकू देत राहील."

"पण घराण्याची रीत?"

"रीत हिरव्या रंगाची आहे, नऊ वारांची आहे. वीतभर काठाची कुणी सांगितली? तुझ्या आजीचा लग्नाचा शालू माझ्या वडिलांनी याच मागावर विणला. मी तेव्हा पोरवयात कांड्यांवर धागा गुंडाळून देत होतो. चार बोटं काठ होता. आत्याला विचार."

गोदाने घरी जाऊन तात्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आत्याबाईंनी तिच्याशी अबोला धरला. सकाळी रुंद काठाचा शालू परत गेला, तरी त्यांचा अबोला सुटेना. हळद लागली, अक्षता पडल्या.

पाठवणीच्या वेळी वडिलांना नमस्कार करून ती आत्याबाईंसमोर आली. त्या तोंड फिरवून उभ्या होत्या. ती वाकली आणि तिने दोन्ही हात त्यांच्या पायांवर ठेवले. डोक्यावरचा पदर जागचा हलला नाही. तिला उठवायला आत्याबाई खाली वाकल्या, तेव्हा त्यांची बोटे शालूच्या काठावर टेकली. चार बोटे काठावर बरोबर मावली. त्या तशाच थांबल्या.

"माझ्या आईचाही असाच होता गं," त्या म्हणाल्या. "मी विसरलेच होते."

गोदाचे दोन्ही हात मोकळे होते. तिने ते आत्याबाईंच्या गळ्यात टाकले.