ओंडक्याची फट

"मग लोखंडी पट्टा आवळू का, तात्या?"

"नगं."

"खिळा?"

तात्या घोलपांनी मान हलवली.

त्यांच्या हाताखाली खाटकाचं काम शिकणारा रंगनाथ ओंडक्यापाशी उकिडवा बसला होता. चिंचेचा ओंडका. तात्या उमेदीपासून त्यावर मटण तोडत आलेले. उद्या म्हसोबाची जत्रा. नैवेद्याच्या मटणाचा पहिला घाव यंदा रंगनाथने घालायचा, असं तात्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं.

झालं, गडी हवेत! ओंडका लख्ख करायला सोडा टाकून उकळतं पाणी ओतलं, काथ्यानं घासघास घासलं आणि ओंडका भर उन्हात ठेवला. दुपारी तो तडकला. सुरीचं पातं आत जावं एवढी फट.

"सरस आन् भुसा भरलाय मी," रंगनाथ म्हणाला. "वाळला की कुनाला कळनार बी न्हाई."

तात्यांनी सुरी घेतली आणि फटीतला ओला सरस खरवडून काढायला सुरुवात केली.

"आवो तात्या! तेवढंच तर धरून ठेवलंय त्याला!"

तात्या खरवडत राहिले.

"उद्या गावापुढं माझं हसं हुईल."

"हुईल."

तात्यांनी ओंडका सावलीत घेतला. त्यावर ओलं गोणपाट टाकलं.

"आता मी काय करू?"

"काय बी नगं."

"कायच न्हाई?"

तात्या तंबाखू मळत राहिले.

रंगनाथला बसवेना. उठायचा, गोणपाटाकडं हात न्यायचा, परत बसायचा. बकरं सोलायला याच्याएवढा वेळ कधी लागला नव्हता. तरी बसला बिचारा. ओंडक्याला हात न लावता रात्रभर तिथंच बसला.

सकाळी तात्यांनी गोणपाट उचललं. ओलीनं लाकूड फुगून फट मिटलेली. नखसुद्धा आत जाईना.

ढोल वाजवत गाव दारात आलं. सत्तूर तात्यांच्या हातात होता. रंगनाथ मान खाली घालून मागं सरकला.

तात्यांनी त्याला दंडाला धरून पुढं आणलं आणि सत्तूर त्याच्या हातात ठेवला.

ठक्क!

भरीव, एकसंध आवाज. ओंडका जागचा हलला नाही. गाव ओरडलं, भंडारा उधळला, पोरांनी रंगनाथला खांद्यावर घेतलं. एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. रडतच तो खाली उतरला आणि तात्यांच्या पाया पडला.

"पर तात्या... म्या तर कायच केलं न्हाई!"

तात्यांनी त्याच्या केसांतला भंडारा झटकला.

"म्हनून तर सत्तूर तुला दिला."