धुरपदाचं डोंगरातलं घर

आमच्या घराचं बांधकाम निघालं, तेव्हा मी दत्तगुरूंपुढे दिवा लावून नवस बोलले होते, की वास्तुशांत होईपर्यंत कुणावर तोंड टाकणार नाही. तिसऱ्याच दिवशी नवस मोडला. काय करणार? दूध घालायला येणारासुद्धा जिना कुठून हवा ते सांगून जायचा! माझी ती दशा बघून आमच्या आत्याबाईंनी मला कुसळवाडीच्या धुरपदाची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगते. बसा जवळ.

फार फार वर्षांपूर्वी, कुसळवाडीच्या डोंगरावर कमरेएवढं गवत माजायचं, तेव्हाची ही गोष्ट. फाल्गुनात ते वाळलं, की कुठूनतरी ठिणगी पडायची आणि वणवा गावावर उतरायचा. घरं सगळी गवताने शाकारलेली. वणवा आला की लोक ओढ्यात पळायचे, मागे घरं जळायची, आणि परत येऊन लोक त्याच गवताने घरं शाकारायचे. दरवर्षी हेच! सांगायचं तरी कुणाला?

त्या गावात धुरपदा आपल्या आंधळ्या सासूला घेऊन राहायची. नवरा लवकर गेलेला. दोन वणव्यांत तिने सासूला पाठीवर घेऊन ओढा गाठला. दुसऱ्या खेपेला म्हातारीचे पाय भाजले. तेव्हा जळक्या घरापुढे उभी राहून धुरपदा डोंगरावरच्या देवीला म्हणाली, "आई, आता मला हिला उचलवत नाही. पुढच्या फाल्गुनाच्या आत असं घर करीन, की त्यातून पळावंच लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने कुदळ घेतली आणि डोंगराच्या मुरमात खणायला लागली. डोंगराच्या पोटात घर, वर जाड मातीचं छप्पर, आणि पुढे एकच दार. ती बाहेरून एक घाव घालायची, तर देवी आतून दुसरा घालायची, असं म्हणतात.

देवीची मदत होती हो, पण माणसांचा ताप काही चुकला नाही. शिवबा सुतार यायचा. "धुरपदे, खांब बाभळीचे नकोत. सागाचे घाल."

"देतोस?"

असं तिने विचारलं, की हा चालू लागायचा. जाऊ यायची आणि दार फिरवायला सांगायची. निंबाजी पाटील तर रोज सकाळी दात घासत हजर. "अगं, माणसं काय कोल्ह्यासारखी बिळात राहतात?" आणि घरची सासू ती वेगळीच. "सूनबाई, मातीत जायला मला अजून अवकाश आहे गं!"

हात कुणी लावायचा नाही, तोंड मात्र सगळ्यांचं चालू. उत्तरं देता देता दिवस मावळायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली. घर खणून झालं, खांब उभे राहिले, तुळया चढल्या, त्यांवर पळसाची पानं अंथरून झाली. पण छपरावर कमरेएवढी माती चढायची होती आणि फाल्गुन तोंडावर आला होता. एका सकाळी पाटलांनी "मी काय म्हणतो" असं सुरू केलं मात्र, धुरपदाने कुदळ आपटली. रडू आवरून तिने हात जोडले आणि म्हणाली, "तुमचं सगळ्यांचं ऐकते. पण आधी पाटीभर माती माझ्या छपरावर ओता, मग बोला."

एवढंच ना, असं वाटलं लोकांना. आणि बोलल्याशिवाय तर कुणाला राहवेना! एका वाक्याला एक पाटी. जाऊ दिवसाला सात पाट्या आणायची. पाटलांनी शेवटी बैलगाडीच जुंपली. शिवबा धापा टाकत वर चढला आणि ओरडला, "धुरपदे, पुरे कर माती! तुळई मोडेल!" असं म्हणून त्याने आपली पाटी ओतली. तुळई मोडली नाही. खालून देवीने हात लावला होता, असं म्हणतात.

फाल्गुनात वणवा आला, तो ओढ्याच्या दोन्ही काठांनी. पळायला वाटच उरली नाही. धुरपदा दारात उभी राहून ओरडली, "आत या!" घर दोन खणांचं. पण माणसं आत गेली, गुरं गेली, कोंबड्या गेल्या. दर माणसागणिक मागची भिंत वीतभर मागे सरकायची, असं म्हणतात. शेवटी राहिले पाटील. ते उंबऱ्यावर उभे. "एवढी माणसं मावणार कशी? मी काय म्हणतो..."

"पाटील, आधी आत या हो!" म्हणत तिने त्यांना दंडाला धरून ओढलं.

आत आल्यावरही त्यांना राहवेना. म्हणाले, "दाराला ओल्या घोंगड्या लावा."

"हे मात्र बरोबर सांगितलंत," धुरपदा म्हणाली. "लावा रे घोंगड्या. पाटील, उद्या एक पाटी."

डोक्यावर आग धडधडत होती आणि खाली सगळं गाव हसत होतं. सासूच्या मांडीवर लोण्याचं वाडगं होतं. ते लोणीसुद्धा पातळ झालं नाही, असं म्हणतात. वणवा ओसरल्यावर दार उघडलं, तर बाहेर एक घर उभं नव्हतं आणि आत एक माणूस कमी नव्हतं. म्हातारीने सुनेचा हात चाचपला आणि म्हणाली, "या खेपेला पळवलं नाहीस गं मला." पाटील कुणाशी काही न बोलता पाटी शोधायला गेले.

मग सगळ्या गावाने डोंगरात घरं खणली. धुरपदा प्रत्येकाच्या छपरावर माती घालून आली, आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही. तिला मरताना कुणी पाहिलं नाही. एका संध्याकाळी ती आतल्या कोनाड्यात दिवा लावायला गेली आणि डोंगराने तिला कुशीत घेतलं, असं म्हणतात.

आजही कुसळवाडीत कुणाचं घर निघालं, की घरटी एक माणूस पाटीभर माती घेऊन जातो. धुरपदाचं नाव घेतो, माती ओततो आणि गुपचूप परततो. चुकून कुणी "खिडकी जरा" असं म्हणालाच, तर त्याला दुसरी पाटी आणावी लागते.

तुमच्या आळीतही कुणीतरी घर बांधत असेल. बिचारी बाई धुळीत उभी असेल, चार जण तिला शहाणपण सांगत असतील. तुम्ही एवढं करा. पदर खोचा, एक पाटी उचलून द्या, आणि गप्प घरी या.