नऊ दिवसांचं वाळवण

"मंग खराब काय होतं बाबू, पाणी का खिमा?"

"पाणी," शार्दुल म्हणाला.

कौतिकाबाई सुपात लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. शार्दुल हिंगवे नागपूरहून वैनगंगेकाठच्या पिंपळटोल्याला आला होता. लोकांना कनूतून, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या लांबट हलक्या होडीतून, जंगलातल्या नदीवर फिरवून आणणं हे त्याचं काम. सफर नऊ दिवसांची. वाटेत गाव नाही, दुकान नाही. ताजं अन्न जड होतं आणि टिकत नाही, म्हणून तो घरी शिजवलेलं जेवण वाळवून न्यायचा. खिचडी, राजमा, खिमा. मुक्कामावर भिजत घालायचं, उकळायचं, की पुन्हा ताटात गरम जेवण.

कौतिकाबाई दिघोरेंचा जन्म ह्याच कामात गेला होता. आधी वडील, मग नवरा आणि दीर डोंगा घेऊन पंधरा-पंधरा दिवस मासेमारीला जायचे. त्यांची शिदोरी बाई वाळवून द्यायच्या. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं खाऊन नदीवर कोणी आजारी पडलं नव्हतं. आता सत्तरीत त्यांच्याकडे लांबलांबून माणसं शिकायला येत.

शार्दुलला शिकायचं होतं असं म्हणता येणार नाही. त्याच्याकडे विजेवर चालणारं वाळवणीचं यंत्र होतं, वजनकाटा होता, सहा वर्षांचा अनुभव होता. बाईंकडे एखादी जुनी युक्ती असेल तर ती घ्यावी आणि निघावं, एवढाच त्याचा बेत. दहा दिवसांनी सात जणांना घेऊन नदीवर उतरायचं होतं.

मागच्या हिवाळ्यातली हकीकत त्याने स्वतःच सांगितली होती. त्या सफरीत त्याला धरून पाच जण होते. पाचव्या दिवशी त्यातली तनुजा बोरकुटे आजारी पडली. उलट्या थांबेनात. दोन दिवस वल्ही मारत तिला पहिल्या गावापर्यंत आणलं. पुढे अकरा दिवस ती दवाखान्यात होती, मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. न उकळलेलं पाणी प्यायली असणार, असं तो म्हणाला.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"राजमा शिजव," त्या म्हणाल्या. "तू वाळवतोस तसाच वाळव."

त्याने तसंच केलं. यंत्र बाईंच्या पडवीत लावलं, ताटल्यांवर राजम्याचा जाड थर दिला आणि उष्णता वरच्या आकड्यावर नेली. संध्याकाळपर्यंत राजमा खडखडीत झाला. त्याने मूठभर पितळीत टाकून दाखवला. खडे पडावेत तसा आवाज झाला.

बाईंनी तो राजमा काचेच्या बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि बरणी त्याच्या हातात दिली.

"सात दिवस. रोज हलवायची. उघडायची नाही."

सात दिवस इथे घालवणं परवडणार नाही, असं त्याने सांगून पाहिलं. पाण्याचं वजन किती उतरलं ते वजनकाट्यावर दाखवलं. बाई कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेल्या.

तो राहिला. युक्ती हवी तर दुसरा इलाजही नव्हता. दिवसा बाईंच्या हाताखाली कामं केली, वांग्याच्या फोडी उन्हात उलटल्या, लाकडं फोडली. बाई फारसं बोलत नसत.

तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या काचेला आतून दव आलं होतं.

शार्दुल म्हणाला, थंडीमुळे असेल. मग म्हणाला, बरणीच ओली असणार. बाईंनी आपल्या वाळवणाची एक बरणी आणून तिच्याशेजारी ठेवली. ती बरणीही त्याच पडवीत, त्याच थंडीत होती. तिची काच कोरडी होती.

"आता उघड," त्या म्हणाल्या.

त्याने राजम्याचा एक गोळा काढला आणि बत्त्याने फोडला. वरचं कवच कडक होतं. आतून राजमा मऊ होता, ओला, आणि त्याला आंबूस वास सुटला होता. जास्त आचेवर घाईने वाळवला की वरचा थर आधी कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. हे त्याला वाचून ठाऊक होतं. पाहिलं आज.

तो पायरीवर बसला. गोळ्याचे दोन तुकडे दोन हातांत तसेच राहिले.

बाई त्यांच्या कामात होत्या.



"पाणी चांगलं होतं," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी खिम्याचं पाकीट उघडल्यावर तनुजाच म्हणाली होती, वास बरा नाही, टाकून देऊया. तो सगळ्यांसमोर हसला होता. मसाल्याचा वास ओळखता येत नाही का, असं तिला विचारलं होतं. शरमून तिने खाल्लं. त्याने स्वतः दोन घास घेतले, बाकीच्यांनी राजमाच खाल्ला. परत आल्यावर लोक विचारू लागले, तेव्हा तोंडातून पाण्याचं नाव गेलं. एकदा गेलं ते गेलंच. वर्षभर तो तेच सांगत आला होता.

बाईंनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुकही नव्हतं.

"मला कशाला सांगतोस?" त्या म्हणाल्या. "मी कुठं खाल्लं होतं ते?"

तो त्याच दुपारच्या एसटीने तुमसरला गेला.

तनुजा तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिने दार उघडलं, त्याला ओळखलं, आणि आत ये असं म्हटलं नाही. त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. खिमा नीट वाळला नव्हता, तुझं बरोबर होतं, मी खोटं बोललो.

ती दाराला टेकून उभी राहिली.

"माझ्या वर्गातल्या मुलींनी विचारलं मला," ती म्हणाली. "बाई, आम्हाला शिकवता आणि तुम्हीच पाणी उकळलं नाही? काय उत्तर देणार होते मी?"

मी आता काय करू, एवढंच त्याने विचारलं. तिने सांगितलं, ज्यांना ज्यांना पाण्याचं सांगितलंस, त्यांना आता हे सांग. इथेच, माझ्यासमोर.

ओट्यावर बसून त्याने एकेकाला फोन केले. सफरीतल्या उरलेल्या तिघांना, मग नव्या सफरीच्या सातही जणांना. एकाने मध्येच फोन ठेवला. एका बाईंनी शांतपणे ऐकून विचारलं की मग आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा. तो म्हणाला, ठेवूच नका, महिनाभराने येऊन स्वतः बघा. सातांपैकी तिघांनी नावं काढून घेतली. सफर महिनाभर पुढे गेली.

शेवटचा फोन झाला तेव्हा तनुजाने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला होता. चहा कधी आणला, हे त्याला कळलं नव्हतं. निघताना त्याने विचारलं, कधी पुन्हा नदीवर येशील का? ती म्हणाली, बघते.

तो पिंपळटोल्याला परतला आणि बाईंसमोर उभा राहिला. ह्या वेळी त्याने वजनकाटा पिशवीतून काढलाच नाही.

"बस," असं नाही, "चूल पेटव," असं बाई म्हणाल्या.

पुढचे वीस दिवस तो शिकला. खिमा पूर्ण शिजवायचा, तूप-तेल निथळून टाकायचं, कारण चरबी वाळत नाही आणि तीच आधी खवट होते. राजमा शिजल्यावर बोटांनी चेपून फोडायचा. थर इतका पातळ की खालची ताटली दिसली पाहिजे. भाज्यांना ऊन चालतं, पण खिम्याला यंत्र हवं. त्यातही आधी नीट शिजलेलं, मग सावकाश. यंत्राला बाईंचा विरोध नव्हताच, ह्याचं त्याला फार नवल वाटलं. त्यांचं भांडण होतं ते फक्त वरच्या आकड्याशी. मध्येमध्ये ताटली काढून प्रत्येक गुठळी हाताने मोडायची. मग बरणी, मग सात दिवस.

पहिली खेप पुन्हा ओलसर निघाली, काचेला दव आलं. त्याने सबब न सांगता ती टाकून दिली आणि नव्याने राजमा भिजत घातला. त्या दिवशी बाईंनी त्याला पहिल्यांदा आपल्या ताटातली भाकरी मोडून दिली.

दुसऱ्या खेपेच्या अकरा बरण्या सातही दिवस कोरड्या राहिल्या.

निघायच्या आदल्या दिवशी चौघं जण आले. त्यांनी प्रत्येक बरणी उघडून वास घेतला, तुकडे मोडून पाहिले. विश्वासाचं विचारणाऱ्या बाई सगळ्यांत जास्त वेळ बघत बसल्या आणि शेवटी आपली पिशवी होडीजवळ नेऊन ठेवली.

निघायच्या दिवशी सकाळी काठावर सामान बांधणं चाललं असताना एक रिक्षा येऊन थांबली. तनुजा उतरली. खांद्यावर तिचं स्वतःचं वल्हं होतं.

"वास मी घेणार," ती शार्दुलला म्हणाली. "रोज. आणि मी नको म्हटलं की नको."

"बरं," शार्दुल म्हणाला.

तिने पुढच्या होडीत जागा घेतली. बाकीचे आपापल्या जागी बसले. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं.

शार्दुल बाईंच्या पाया पडला. पण उठून निघाला नाही. एक गोष्ट त्याला सलत होती. बरण्या कोरड्या राहिल्या, पाकिटं भरून झाली, तरी बाईंनी एकदाही झालं असं म्हटलं नव्हतं.

"बाई," त्याने विचारलं, "अन्न खरंच नीट वाळलं, हे शेवटी कशावरून कळतं?"

कौतिकाबाईंनी साडीचा काठ वर खोचला, घोटाभर पाण्यात उतरल्या, त्याला होडीत बसायची खूण केली आणि होडी हाताने पुढे लोटली.

"पाण्यात टाकलं की कळते. माणसाचं बी तसंच."